सनाची तीन तुकड्यांची गादी

आम्ही मूळचे अमडापूरचे. बाप पिंजारी, त्याचा बाप पिंजारी, अन् मी बी तेच. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देणारा, हे आता नव्या पोराइले सांगावं लागते, कारण त्याइच्या घरी फोमच्या गाद्या आल्या, त्या गुंडाळून येतात अन् खराब झाल्या की फेकून देतात. आमच्या वक्ताले गादी कोणी फेकत नव्हतं. गादी बसली, तिच्यात गाठी झाल्या, की पिंजाऱ्याले बोलवायचं, तो आंगणात गादी उसवायचा, रुई पिंजून पुन्हा नवी करून द्यायचा. बाप खांद्यावर पिंजण घेऊन निघायचा, धनुष्यासारखी मोठी लाकडाची, तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, वाजवत वाजवत जानेफळपर्यंतची खेडी पायी करायचा, अन् मी त्याच्या मागं. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण धंदा सारा मराठीत झाला, म्हणून तुम्हाले मराठीतच सांगून राह्यलो. मी जसं बोलतो तसंच लिहा, माझं चांगलं दिसावं म्हणून काही बदलू नका.

बापानं पिंजण धरायले शिकवायच्या आधी मले एक गोष्ट शिकवली. गादी उसवली की घराचं सगळं समजते. घरात म्हातारं माणूस किती दिवस पडून होतं, लेकरू कोणत्या बाजूनं झोपते, सगळं. लेकरानं भिजवलेली गादी तर हाताले लगेच कळते, मधातली रुई पिवळी पडते, भाकरीसारखी चिकटून बसते. मी लहान असतानी एका घरच्या आंगणात मोठ्यानं बोलून गेलो, अब्बा, इथं कोणीतरी मुतलं. त्या घरची सून ओसरीत उभी होती, तिचं तोंडच उतरलं. बाप मले काही बोलला नाही. तिच्याकडं पाहून म्हणे, बाई, भिंतीची ओल लागली गादीले, भिंतीपासून जरा दूर टाकत जा. अन् ती पिवळी रुई त्यानं गुपचूप वेगळ्या फडक्यात बांधली. गावाबाहेर आल्यावर मात्र माझा कान असा पिरगाळला, की अजून आठवते. म्हणे, कोणाची बी गादी असो, भिंतीची ओल. गादीतलं बोलणाऱ्या पिंजाऱ्याले लोक आंगणात घेत नाहीत बे.

मी ते लक्षात ठेवलं. किती घरी बोललो असंन, भिंतीची ओल, भिंतीची ओल. काही घराइले तर भिंत बी धड नव्हती, कुडाची घरं, तरी म्हटलं भिंतीची ओल, अन् त्या माणसानं बी मान हालवली. दुसऱ्याच्या लेकराची लाज मी जिंदगीभर झाकली. काय सांगू तुम्हाले, माझ्याच लेकराची राह्यली.

लग्नानंतर आम्ही देऊळगाव राजाले आलो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको अन् माझा भाऊ हनीफ. हनीफ माझ्याहून बराच लहान, आमची माय लवकर गेली, तवा तो माझ्याच मांडीवर मोठा झाला, त्याले मी जेवू घातलं, त्याची शाळा मी केली, त्याचं लग्न मी केलं, मंग तो बायकोसंगं दुसऱ्या गल्लीत राहायले गेला. बाजारात दुकान टाकलं, पिंजायची मशीन घेतली, बिजलीवर चालणारी. मी मागं मशीनवर अन् शिलाईवर, हनीफ पुढं गिऱ्हाइकाजवळ. त्याची जबान मोठी गोड. उशी घ्यायले आलेला माणूस हनीफजवळ बसला की गादी घेऊन जायचा. मी म्हणायचो, हनीफ, तू तर माणसाले उभ्या उभ्या झोपवशील बे. तो हासायचा. म्हणायचा, भाई, तू नुसती गादी भर, झोपवायचं माझ्याकडं.

माझा पोरगा सलीम टेम्पो चालवायचा, महिन्यातले जास्त दिवस बाहेरगावी. त्याची बायको रेहाना, जानेफळची, दहावी पास, शांत. त्याइची पोरगी सना. ही सगळी गोष्ट त्या सनाची आहे.

सना पहिलीत गेली तरी झोपेत अंथरूण भिजवायची. माझ्या बायकोनं, म्हणजे तिच्या दादीनं, सगळे उपाय केले. तीळगूळ चारला, गळ्यात ताईत बांधला, शेजारच्या एका बाईनं सांगितलं की उलथनं तापवून नुसतं दाखवा, भेवानं बंद होते. ते उलथनं खरंच चुलीवर ठेवलं होतं, तर रेहानानं येऊन चूलच विझवली. एरवी सासूसमोर आवाज न काढणारी बाई, पण त्या दिवशी म्हणे, अम्मी, माझ्या लेकराले भेव दाखवायचा नाही. मंग तिनं सनाले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईनं तपासलं, लघवी तपासून घेतली, म्हणे दुखणं काही नाही, झोप जड आहे, वय वाढते तसं जाते. दिवसा पाणी भरपूर पाजा, संध्याकाळनंतर कमी, झोपायच्या आधी लघवीले पाठवा, अन् रागवू नका, लेकरू काही मुद्दाम करत नाही.

रेहाना हे सगळं करायची. न चुकता करायची. पण गादीचं काय? कापसाची गादी एका दिवसात वाळत नाही. रोज आंगणात टाकली तर शेजारीपाजारी पाहतात, अन् सना ते पाहून आत लपते. एका सकाळी ती माझ्याजवळ आली, कानात म्हणे, दादा, माझी गादी लोकाइले दिसू देऊ नका न.

तवा मी ती गादी बनवली. तीन तुकड्यांची. डोक्याकडचा एक, पायाकडचा एक, अन् मधातला सुटा, पातळ, बंदानं बांधायचा. त्याच्याखाली रेक्झीन. मधातले तुकडे दोन केले, एक वाळला नाही तर दुसरा. अन् वाळत घालायची जागा आमच्या दुकानाची गच्ची, तिथं लोकाच्या गाद्या, खोळी, उशा पसरलेल्या असतात, त्याच्यात आमच्या सनाचा तुकडा कोण ओळखते? रेहाना खोळ धुऊन द्यायची, मी अन् सना ते गाठोडं घेऊन सकाळी दुकानात जायचो. रस्त्यात लोक म्हणायचे, काय सना, दादाले कामाले मदत? ती म्हणायची, हाव, रुई आहे. अन् माझ्याकडं पाहून तोंड दाबून हासायची.

आमची एक निशाणी होती. ज्या सकाळी ती कोरडी उठली, त्या सकाळी ती काही बोलायची नाही, नुसती येऊन माझ्या सदऱ्याच्या खिशात कापसाचा बोळा टाकायची. मी मोठ्यानं म्हणायचो, अरे, हा कापूस कुठून आला माझ्या खिशात? ती पळून जायची. पहिले पहिले बोळा कधीतरीच यायचा. मंग यायला लागला. मंग असं झालं की खिसा रिकामा राह्यला तर मलेच चुकल्यासारखं व्हायचं. तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं, हे घराबाहेर कोणाले सांगायचं नाही, अन् बोळ्याचं तर फक्त तुमाले, मले अन् अम्मीले माहीत, दादीले बी सांगायचं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हाव म्हटलं होतं.

आता पुढचं ऐका.

ती गादी मोठी छान झाली होती. आता म्हातारपणी खोटं काऊन बोलू, मले तिचा गर्व झाला होता. जिंदगीभर एकसारख्या गाद्या भरल्या, पण हे काम माझ्या डोक्यातून निघालेलं होतं. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, गच्चीवर चहा पिताना मी तो मधातला तुकडा हनीफले दाखवला, पहा म्हटलं, बंद कसे लपवले, टाके कसे आत घेतले. त्यानं हात फिरवला, म्हणे, वा भाई, कोणाची आहे? तवा माझ्या तोंडातून निघायले पाहिजे होतं, भिंतीची ओल. सवयीचे शब्द होते. पण घरचा माणूस, माझ्या मांडीवर वाढलेला, त्याच्याजवळ कशाचा पडदा? मी सगळं सांगितलं. मंग म्हटलं, हनीफ, लेकराले शब्द दिला मी, बाहेर जाऊ देऊ नको. त्यानं शपथ घेतात तशी गळ्याची कातडी चिमटीत धरली, म्हणे, भाई, सना काय तुझ्या एकट्याची नात आहे?

पुढं लग्नसराई आली. मी मागं मशीनवर होतो. मशीनमधी कचरा अडकला म्हणून बंद केली, तर पुढून हनीफचा आवाज आला. एक बाई आली होती, तिले लहान पोरासाठी गादी पाहिजे होती, अन् ती म्हणत होती, भाऊ, पोरगं भिजवते, कापसाची गादी टिकंल का? अन् माझा भाऊ तिले म्हणे, ताई, टिकायचं तुम्ही विचारूच नका, आमच्या घरचीच पोरगी पहा, सना, पहिलीत आहे, रोज भिजवते, तरी गादी अजून कोरीच्या कोरी. अन् गच्चीवरून तो तुकडा आणून त्यानं तिच्यासमोर उलटा-पालटा केला. ती बाई म्हणे, सना? आमच्या पिंकीच्या वर्गातली? हनीफ म्हणे, हाव हाव, तीच.

कचरा तसाच माझ्या हातात राह्यला. त्याले कोणी मारलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. लेकराची लाज त्यानं एका गिऱ्हाइकासाठी उघडी केली, हासत हासत. मी बाहेर जाऊन त्या बाईले हात जोडू शकत होतो, बहेन, हे पोटात ठेव. पण गेलो नाही. ती गेल्यावर मी हनीफची कॉलर धरली. तर तो मले म्हणे, अरे भाई, बाई खूश होऊन गेली, अजून दोघींले पाठवते म्हणे. लेकराची गोष्ट, त्यात एवढं काय? अन् मंग असं म्हणे जे मी अजून विसरलो नाही. म्हणे, लपवायचं होतं तर तू मले सांगितलं काऊन?

दोन-चार दिवसांत सना शाळेतून आली ती दप्तर आंगणातच फेकून. रेहाना तांदूळ निवडत होती, मी ओसरीत रजईले टाके मारत बसलो होतो. पोरं तिच्या बाकावर पाणी सांडून हासले होते. म्हणत होते, सना आली, भिजली. ती सरळ आईसमोर उभी राह्यली, म्हणे, अम्मी, तूच सांगितलं न? तू परवा शाळेत आली होती, बाईशी बोलत होती, मी पाह्यलं. रेहाना म्हणे, बेटा, मी तर तुझ्या फाटलेल्या पुस्तकाचं बोलायले आली होती, मी काऊन सांगू? सना म्हणे, मंग कोण? दादा तर सांगणार नाहीत.

दादा तर सांगणार नाहीत. हे ती म्हणाली, अन् माझ्याकडं पाह्यलं बी नाही, एवढा भरवसा.

आता हे नीट लिहा, यासाठीच मी तुम्हाले बसवलं. मी गप्प बसलो असतो तरी गुन्हा होता. पण मी गप्प बसलो नाही. मी मान वर केली अन् म्हटलं, जाऊ दे बेटा, अम्मीनं तुझ्या भल्यासाठीच सांगितलं असंन.

रेहानाच्या हातातलं सूप तसंच राह्यलं. तिनं माझ्याकडं पाह्यलं, अन् त्या एका नजरेत तिले सगळं कळलं, की तिनं सांगितलं नाही तर मंग मीच. सासऱ्याले लेकरासमोर खोटं पाडणारी ती नव्हती. सना मात्र आत पळाली, अन् दार लावलं.

संध्याकाळी रेहाना पाणी घेऊन आली, हळूच म्हणे, अब्बा, तुमी असं काऊन बोलले? मी म्हटलं, लेकरू आहे, विसरून जाईन. तिनं गिलास ठेवला अन् गेली. पुन्हा त्या गोष्टीचा एक शब्द तिनं काढला नाही. माझी रोटी, माझी दवा, बायको गेल्यावर माझं सगळं, तिनंच केलं. तिचा हा चांगुलपणाच मले जास्त लागत राह्यला.

बोळा बंद झाला. गादी पुन्हा रोज ओली व्हायला लागली. पुढं वय वाढलं तसं ते गेलं, डॉक्टरीण म्हणाली तसंच. पण सना विसरली नाही. त्या दिवसापासून तिनं आईले काहीच सांगितलं नाही. ताप आला तर माझ्याजवळ यायची. पोरगी मोठी झाली, शहाणी झाली, ते बी तिनं पहिले फुफीले, म्हणजे आत्याले सांगितलं, आईले नंतर बाहेरून कळलं. रेहाना चुलीसमोर तोंड करून रडली, मी पाह्यलं. कोणाच्या बी समोर सना म्हणायची, अम्मीजवळ बोलू नका, तिच्या पोटात राहत नाही. अन् ज्या माणसाच्या पोटात राह्यलं नाही, तो बाजूलेच बसलेला असायचा, चहा पीत.

हनीफनं आमच्या गादीचा नमुना दुकानापुढं टांगला होता. मी उतरवला, त्यानं पुन्हा टांगला. मंग तो वेगळाच झाला, जालना रोडवर स्वतःचं दुकान टाकलं, माझीच तीन तुकड्यांची गादी विकायले लागला. लोकाइले आम्ही सांगितलं, हिशोबावरून फाटलं. सलीमले बी कितीतरी वर्षं तेच माहीत होतं. हिशोब काही नव्हता. त्यानं माझ्या लेकराले विकलं होतं. अन् मले ते बरं बी पडलं, खोटं काऊन बोलू, मी इतके वर्षं त्याच्यावर चिडत राह्यलो, म्हणजे स्वतःकडं पाहायचं काम नाही. ईदले तो गळाभेटीले येतो, मी भेटत नाही. त्याचं त्याच्याजवळ. माझं मी तुम्हाले सांगून राह्यलो.

सनाचं लग्न जालन्याले झालं. बिदाईच्या वेळी ती माझ्या गळ्यात पडून रडली, आईले नुसता सलाम केला. तिले एक पोरगा आहे, रेहान, आता शाळेत जायले लागला. मागच्या थंडीत तिचा फोन आला. म्हणे, दादा, रेहान अजून भिजवते, सासरी सगळे बोलतात, तुमी माझ्यासाठी ती गादी केली होती न, तशी एक करून द्या. मी म्हटलं, करतो बेटा. तर म्हणे, पण अम्मीले सांगू नका हो. ती सांगत फिरंन, माझ्यासारखं याचं होईन.

फोन ठेवला. रेहाना समोरच होती, माझ्यासाठी रोटी शेकत होती. म्हणे, सनाचा होता का? कशी आहे? मी म्हटलं, चांगली आहे.

मशीन तर कधीच विकली. घरात होता तेवढा कापूस मी हातानं पिंजला, डोळ्याले दिसत नाही तरी टाके मारले. गादी झाली, अन् रेहानाले म्हटलं, चल, सनाकडं जाऊ. ती म्हणे, तिनं मले बोलावलं नाही, अब्बा. मी म्हटलं, मी बोलावून राह्यलो. एस.टी.त ती खिडकीजवळ बसली, गादीचं गाठोडं मांडीवर घेऊन. कोणासाठी आहे, हे बी तिनं विचारलं नाही. पिंजाऱ्याच्या घरची सून, तिच्या हाताले कळलंच असंन.

सनानं दार उघडलं. गाठोडं आईच्या हातात पाहून तिचं तोंड कडू झालं. म्हणे, दादा, मी तुमाले म्हटलं होतं न. मी म्हटलं, बेटा, बस. अन् चहा-पाण्याच्या आधी सगळं सांगितलं. गच्ची, हनीफ, ती बाई, मशीन बंद केली तवा ऐकलं ते, सगळं. सना मंग म्हणे, मी अम्मीले विचारलं, तवा तुमी तिथंच बसले होते न? मी म्हटलं, हाव. म्हणे, तुमी काय बोलले ते मले आठवते. अम्मीनं तुझ्या भल्यासाठीच सांगितलं असंन. मले वाटलं, दादा किती चांगले, चुकी अम्मीची असून तिची बाजू घेऊन राह्यले.

हे मले माहीत नव्हतं. मी तिच्या आईवर टाकलं, अन् त्याच्यासाठी पोरीनं मले जास्तच जीव लावला.

रेहाना म्हणे, जाऊ दे बेटा, झालं ते. सना एकदम ओरडली, काय जाऊ दे अम्मी, सारे तुलेच जाऊ दे म्हणायला लावतात, तू बोलली काऊन नाही? रेहाना म्हणे, बोलली होती न बेटा. त्याच दिवशी बोलली होती, मी नाही सांगितलं म्हणून. तू मानलं नाही.

मंग त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या, दार लोटलं. मी बाहेर. रेहान गादीचे बंद सोडून पाहत होता, म्हणे, ही तुटलेली आहे का? मी म्हटलं, नाही रे, अशीच आहे. आतून रडण्याचा आवाज येत होता, मंग बोलण्याचा, मंग कुणीतरी हासलं बी, कोण ते समजलं नाही. मले कोणी आत बोलावलं नाही, अन् मी बी दार वाजवलं नाही. रेहाना तिथंच राह्यली काही दिवस. मी एकटा वापस आलो. निघताना सनानं सलाम केला. नुसता सलाम, जसा बिदाईत तिनं आईले केला होता.

आता मी घरीच असतो. सलीमले बी सांगितलं, तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. सनाचा फोन येते, रोज सकाळी येते, पण तो रेहानाले येते. मायलेकी किती वेळ बोलतात, रोटी जळायले लागते तरी बोलतात, मी आवाज देत नाही, जळू द्या. माझं कोणी विचारते का, हे मी ऐकायचा प्रयत्न करतो, नाही म्हणत नाही. अजून तरी ऐकलं नाही. अल्लानं त्या दोघींले असंच बोलतं ठेवावं, माझ्या वाट्याचं बी त्याइले द्यावं.

एखाद्या दिवशी फोन झाला की रेहाना आंगणात येते, कपडे वाळत घालते, अन् माझ्याकडं न पाहता दोरीकडं तोंड करून म्हणते, आज बी कोरडा उठला म्हणे. मले सांगते की कोणाले, मी विचारत नाही. माझा हात मात्र आपोआप सदऱ्याच्या खिशाकडं जाते. कापूस सापडतो तिथं, पिंजाऱ्याच्या खिशात तो नेहमीच असतो. तो कोणी ठेवलेला नसतो.